मधली तीन वर्षं

संक्रांतीच्या आदल्या रविवारी दुपारी आई स्वयंपाकघरात वर्तमानपत्र पसरून खालीच बसल्या होत्या. पुढ्यात सुक्या खोबऱ्याच्या वाट्या, गुळाच्या मुठीएवढ्या ढेपा आणि अडकित्ता. खोबऱ्याची तपकिरी पाठ खरवडायची, पांढऱ्या भागाचे काप करायचे, कापांचे बारीक चौकोनी तुकडे. गुळाचेही तसेच. दोन-तीन दिवस उन्हात ठेवून ते खुटखुटीत वाळले की त्यात भाजलेले पांढरे तीळ, शेंगदाणे आणि डाळं मिसळायचं. हा इथला एळ्ळु-बेल्ला. एळ्ळु म्हणजे तीळ, बेल्ला म्हणजे गूळ. लाडू वळायचे नाहीत, सगळं सुटंच. संक्रांतीला घरोघर जाऊन तो वाटतात, सोबत साखरेची चित्रं आणि उसाचं कांडं देतात. देताना जे म्हणतात ते आपल्या चांगल्याच ओळखीचं आहे: तीळगूळ खा आणि चांगलं बोला. फक्त कन्नडमध्ये.

“आई, तयार मिळतो हा. आठव्या क्रॉसवर पाकिटं टांगलीत,” मी म्हटलं.

“मिळतो की. तिळाचे लाडूपण तयार मिळतात. कधी आणलेस तू?”

“ते आपले आहेत.”

एवढं बोलले आणि वादाला तोंड फुटलं. खरं तर एप्रिलपासून तो आमच्या दोघींत तुकड्यातुकड्यानं चाललाच होता. त्या दुपारी तो सलग झाला.

गेल्या एप्रिलमध्ये नवऱ्याची बदली झाली आणि आम्ही हैदराबादहून बंगळूरला आलो. तीन वर्षांची बोली आहे. त्याच महिन्यात साताऱ्याचं घर आवरून आई, म्हणजे माझ्या सासूबाई, आमच्याकडे राहायला आल्या. अण्णा, म्हणजे माझे सासरे, जाऊन तेव्हा सव्वा वर्ष झालं होतं. आईंचं वय ६७. जिल्हा परिषदेच्या शाळांत ३४ वर्षं त्यांनी मुलांना अक्षरओळख करून दिली. घर मल्लेश्वरममध्ये भाड्यानं घेतलं. दहा महिन्यांचं भाडं डिपॉझिट म्हणून ठेवावं लागलं. बंगळुरात ती जुनी रीत आहे.

या नऊ महिन्यांत आईंनी आधारवरचा पत्ता बदलून घेतला, फॉर्म ८ भरून मतदार यादीतलं नाव साताऱ्याहून इकडे आणलं, कन्नडची वही घातली. खालच्या अज्जींकडे त्यांचं रोजचं जाणंयेणं आहे. मी यातलं काही केलेलं नाही. ठरवून केलेलं नाही.

“तीन वर्षांनी इथून उठायचंय आपल्याला,” मी म्हटलं. “हे तुम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. मग इतकं मन कशाला लावायचं?”

“मन लावायला मी काय वेगळं करते? भाजी आणते, देवळात जाते, बसनं फिरते.”

“पत्ता बदललात. मत इकडे आणलंत.”

“ते होय? मे महिन्यात मी बसनं यशवंतपूरला निघाले होते. इथे बायकांना तिकीट नाही, आधार दाखवायचं.” (कर्नाटकात ११ जून २०२३ पासून शक्ती योजना आहे; राज्यातल्या रहिवासी बायकांना सरकारी साध्या बसमध्ये शून्य रुपयांचं तिकीट मिळतं.) “माझं आधार कंडक्टरनं बघितलं, सातारा वाचलं आणि पैसे मागितले. बरोबरच होतं त्याचं. पण पुढच्या दारानं चढलेल्या सगळ्या बायका एका बाजूला आणि मी एकटी पाकीट उघडून बसलेली. पैशाचं काही नाही गं. मला पाहुणीसारखं वाटलं. पाहुण्यानं किती दिवस राहायचं, सांग. आधी तुझ्या नवऱ्याचा पत्ता बदलायला लावला, मग त्याच्यावरून माझा.”

“आपण पाहुणेच आहोत, आई.”

“तू आहेस. मी नाही.”

हे त्या रागानं बोलल्या नाहीत. खोबऱ्याची दुसरी वाटी उचलली आणि खरवडायला घेतली.

माझी बाजू नीट मांडायला हवी, कारण ती आळसातून आलेली नाही. हैदराबादेत आम्ही चार वर्षं होतो आणि तिथे मी आई आज करतात ते सगळं केलं होतं. तेलुगू शिकले, भांडता येईल इतकी. गाडीला तेलंगणाचा नंबर घेतला, रोड टॅक्स पुन्हा भरला. बतुकम्माच्या नऊ दिवसांत इमारतीतल्या बायकांबरोबर फुलांचे थर रचले. तंगेडूची पिवळी फुलं म्हणजे आपला तरवड आणि गुनुगू म्हणजे माळावरचा कुरडू, हे कळलं तेव्हा किती आनंद झाला होता! माळावर कुणी ढुंकून न बघणारी ही फुलं तिथे देवी होऊन ताटात बसतात. शेवटच्या रात्री ते ताट डोक्यावर घेऊन तळ्याकाठी गेले आहे मी. आणि मग एका सोमवारी बदलीचा मेल आला, तीन आठवड्यांत घर रिकामं झालं. लेक दोन महिने रात्री झोपेत मैत्रिणींची नावं घ्यायची. मैत्रिणींचे फोन आधी रोज, मग आठवड्यानं, मग दिवाळीला. कुणाचीच चूक नव्हती. माणसं आपापल्या दिवसांत परत गेली.

“तिथे ठेवलेलं घरभाड्याचं डिपॉझिट परत मिळालं,” मी आईंना म्हटलं. “बाकी जे ठेवून आले ते नाही मिळालं. आता पुन्हा ठेवायची माझी तयारी नाही. इथे शाळा, ऑफिस, दळण, दवाखाना यांची सोय लागली की पुरे. महिन्यातून एकदा महाराष्ट्र मंडळात जाऊ, लेकीच्या कानावर मराठी पडेल. तीन वर्षं जातील.”

“किती बदल्या झाल्या तुझ्या?”

“दोन.”

“माझ्या सात. जावळी, पाटण, खटाव. सगळं एका जिल्ह्यातलं म्हणशील, पण १९८० साली पाटण खोऱ्यातल्या वाडीवर पावसाळ्यात चार महिने अडकलेल्या बाईला सातारा बंगळूरइतकाच लांब होता. दर वेळी सामान टेम्पोत भरताना मीही रडलेय. पण नव्या गावात गेलं की पहिल्या दिवशी तीन गोष्टी करायच्या, हे मला माझ्या पहिल्या हेडबाईंनी सांगितलं होतं. पाणी कुठून येतं ते बघून यायचं. वाण्याकडे स्वतः जायचं. आणि गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईच्या पाया पडून यायचं. तिला सगळं ठाऊक असतं आणि तिच्याजवळ वेळ असतो.”

“मग सातही गावं सुटलीच की.”

“सुटली. पण राहिले तोवर मी तिथे होते.”

मला यावर लगेच उत्तर सुचलं नाही, म्हणून मी भाषेवर आले. मी इथे इंग्रजीनं भागवते. हिंदी रेटत नाही. त्यात मी कुणाचा अपमान करत नाही असं माझं मत होतं आणि आहे.

“अपमान नाहीच,” आई म्हणाल्या. “पण पुण्या-मुंबईत वीस वर्षं राहून ज्याला मराठीतलं एक वाक्य येत नाही त्याच्याबद्दल आपण घरात काय बोलतो? मग इथे मला काय वेगळा नियम? आणि नियमाचं सोड. अवघड तरी कुठे आहे? तुपाला तुप्पा, कोथिंबिरीला कोत्तंबरी, सुट्ट्या पैशाला चिल्लरे. जेवायच्या वेळेला दारात भेटलं की विचारतात, ऊट आयता? जेवलात का! हे तर आमच्या वाडीत विचारायचे. हैदराबादेत तू शिकलीसच की. इथे हट्ट धरलायस.”

त्यांची वही मी पाहिली आहे. दुरेघी, पहिलीच्या मुलांची असते तशी. डाव्या पानावर कन्नड अक्षर, उजव्या पानावर त्याच अक्षराचा देवनागरी जोडीदार, आणि खाली त्या दिवशी बसच्या किंवा दुकानाच्या पाटीवर वाचलेला शब्द. बाराखडीला तिकडे कागुणित म्हणतात. स्वरांचा क्रम आपलाच. फक्त ए आणि ओ दोन-दोन आहेत, एक आखूड, एक लांब. आपल्या कानाला हा फरक ऐकूच येत नाही, आणि आईंची खरी झटापट तिथे झाली. रोज सकाळी त्या सँकी तलावाला फेरी मारतात. १८८२ साली बांधलेला हा तलाव घरापासून चालत पंधरा मिनिटांवर आहे. तळ्याला कन्नडमध्ये म्हणायचं कॆरॆ, पहिला स्वर अगदी आखूड. तोच लांबवून केरे म्हटलं की अर्थ होतो धामण. आईंनी भाजीवाल्या अक्कांना मोठ्या उमेदीनं सांगितलं की मी रोज केरेला प्रदक्षिणा घालते. अक्कांनी शेपूची जुडी खाली ठेवली, हातानं साप काढून दाखवला आणि विचारलं, हावु? मग दोघी मिनिटभर एकमेकींना आखूड-लांब म्हणून दाखवत बसल्या. त्या दिवशीच्या पानावर दोन्ही शब्द दहा-दहा वेळा लिहिले आहेत. ३४ वर्षं इतरांच्या वह्यांवर लाल शाईनं खुणा करणारी बाई वयाच्या ६७व्या वर्षी स्वतःच्याच चुकलेल्या अक्षराभोवती गोल करते, हे पाहून मला त्यांच्याबद्दल जे वाटलं ते मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

फुलवालीचीही अशीच ओळख. इथे गुंफलेली फुलं मोळावर विकतात, कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंतचा हात म्हणजे एक मोळ. आई मोगरा आणि अबोली देवाला एक-एक मोळ घेतात. फुलवाली आपल्या हातानं मोजते आणि आईंचा हात लांब म्हणून वर चार बोटं आणखी सोडते. मी घेते तेव्हा ती नुसतं मोजते.

“मंडळाचं म्हणालीस,” आईंनी धागा पुन्हा उचलला. “मला आवडतं मंडळ. गांधीनगरात शंभर वर्षांवर टिकवलंय लोकांनी, सोपं नाही. पण मंडळ म्हणजे माहेर. माहेरी जावं, दोन घास मनासारखे खावेत, परत यावं. माहेरी राहत नाहीत.”

“आणि काडु मल्लेश्वराचं देऊळ? तिथे रोज जाता ते मराठी राजाचं नाव आहे म्हणूनच ना?”

हा माझा टोला होता. त्या देवळातल्या १६६९च्या शिलालेखात व्यंकोजीराजांनी देवाला गाव इनाम दिल्याची नोंद आहे. त्याआधी, १६३८च्या सुमाराला, विजापूरकरांनी बंगळूर घेतल्यावर शहाजीराजांना ते जहागिरीत मिळालं होतं. बंगळुरातला प्रत्येक मराठी माणूस पाहुण्यांना हे सांगतो. मीही सांगितलं आहे. सांगताना छाती थोडी पुढे येते आणि शहर थोडं आपलं झाल्यासारखं वाटतं. हा आधार फसवा आहे असं माझं मत आहे. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या इनामानं आज शेजारी कोण राहतं ते कळत नाही.

आईंनी मान हलवली. “पहिल्या दिवशी मी तो दगड बघायला गेले, खरं आहे. सातारची ना मी. दुसऱ्या दिवसापासून पायरीवर बसायला जाते. संध्याकाळी सात-आठ जणी येतात तिथे. एकीची सून अमेरिकेत, एकीचे गुडघे गेलेत. मी सातारची आहे हे त्यांना सांगितलेलंही नाही. आणि एक सांगू? ही सगळी वस्तीच बाहेरून येऊन राहिलेल्यांची आहे. अज्जींनी सांगितलं. १८९८ला प्लेग आला, पेठांमधली माणसं मरायला लागली, म्हणून ती मोकळ्या हवेत राहायला इथे मल्लेश्वरमला आली. अज्जींचे आजेसासरे तेव्हा आले. ते काय कायमचं म्हणून आले असतील? जीव वाचवायला आले. तरी दारात संपिगे लावला.”

संपिगे म्हणजे सोनचाफा. शेजारच्या मोठ्या रस्त्याचं नावच संपिगे रोड आहे, आणि त्याला समांतर जातो तो कडुनिंबाच्या नावाचा मार्गोसा रोड.

“लावला असेल,” मी म्हटलं. “त्यांना तो फुललेला बघायला मिळाला. आपल्याला मिळणार नाही. ज्याला ठाऊक आहे की आपण उठणार, त्यानं झाड लावू नये. झाडालाही त्रास, आपल्यालाही. आणि लेकीचा विचार करा ना. तिला तुम्ही अज्जींच्या नातवंडांत मिसळू देता. पुन्हा तेच होणार. पुन्हा रात्रीची नावं.”

आई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “तिचाच विचार करते. तुला तीन वर्षं म्हणजे मधली वाटतात. हे संपलं की पुण्याला जाऊ, घर घेऊ, मग खरं सुरू होईल. तुझं वय ३८, तुला तसं वाटणारच. ती आठ वर्षांची आहे. अकराची होईल तेव्हा तिच्या आयुष्याचा चौथा हिस्सा इथे गेलेला असेल. तिला काय सांगशील, हा हिस्सा मोजू नकोस?”

मी काही बोलले नाही.

“आणि माझं बघ. मी ७० ची होईन. साताऱ्याचं घर भाड्यानं दिलंय, परत जाऊन एकटी राहायची माझी हिंमत नाही, हे मला ठाऊक आहे आणि तुम्हालाही. माझ्यासाठी ही मधली वर्षं नाहीत. कोण जाणे, हीच उरलेली असतील. ती मी पाहुणी म्हणून घालवू?”

एकाच घरात, एकाच भाडेकरारावर आम्ही चार माणसं राहतो आणि चौघांची तीन वर्षं वेगवेगळ्या लांबीची आहेत, हे मला नऊ महिन्यांत सुचलं नव्हतं. बदलीच्या कागदावर एकच आकडा असतो. मी तो सगळ्यांना लावला होता.

तरीही मला वाटतं की माझं म्हणणं खोटं नव्हतं. आई ‘राहिले तोवर मी तिथे होते’ म्हणतात. पण त्या काळी त्यांची बदली झाली की वाडीतली माणसं टेम्पोमागे गावच्या वेशीपर्यंत चालत यायची. निरोप द्यायला गाव होतं. हैदराबादेत लिफ्टमध्ये सामान भरताना सुरक्षारक्षक वेळ मोजत होता. सोडून जाणं सोसायला गाव लागतं, आणि ते आता प्रत्येकाला मिळत नाही. आईंना मी हे सांगितलं. त्यांनी ते मान्य केलं.

“म्हणूनच म्हणते, अज्जींकडे येत जा,” एवढंच म्हणाल्या. “निरोपाला तरी असेल कुणी.”

मग मी ती गोष्ट काढली. वाद जिंकायला काढली, हे लपवत नाही.

“बरं, मग पुरतंच करू. खाली अण्णांची स्कूटर आहे. दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली की तिथला नंबर घ्यावा लागतो, तसा कायदाच आहे. एप्रिलमध्ये बारा महिने होतील. साताऱ्याच्या आरटीओकडून ना हरकत दाखला मागवायचा, इथला कर भरायचा, की केएचा नंबर मिळेल. कागद मी भरते उद्या.”

अडकित्ता थांबला.

ती स्कूटर सामानाच्या ट्रकमधून आली आहे. नवऱ्याच्या नावावर केली आहे, पण कुणी फारशी चालवत नाही. दर रविवारी आई ओलं फडकं घेऊन खाली जातात आणि आधी नंबरप्लेट पुसतात, मग बाकीची गाडी. साताऱ्यात अख्खी गल्ली त्यांच्या नवऱ्याला अण्णा म्हणायची. आई स्वतः ‘अहो’पलीकडे कधी गेल्या नाहीत. इथे रिक्षावाला, कंडक्टर, दूधवाला, ज्याला त्याला अण्णा म्हणतात. पहिले दोन महिने आई रिक्षा थांबवायला नुसता हात करायच्या. शब्द तोंडातून निघायचा नाही. आता म्हणतात. कुठल्या दिवशी जमलं ते त्यांनी आम्हाला सांगितलं नाही आणि त्या वहीतही लिहिलेलं नाही.

“एमएच अकरा आहे ती,” आई म्हणाल्या.

“हो.”

“एप्रिलला अजून तीन महिने आहेत ना?”

“आहेत.”

“मग तेवढे राहू दे.”

मला आपलं म्हणणं खरं ठरल्याचा आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. आईंनी माझ्याकडे पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, “तुझ्या आधारवर अजून हैदराबादच आहे ना? कुरिअरवाला परवा विचारत होता.”

“हो.”

“असू दे. सावकाश कर.”

बाहेरच्या खोलीत लेक आणि अज्जींची नात साखरेची चित्रं मांडून बसल्या होत्या. कुठलं कुणाला द्यायचं यावर त्यांचं भांडण चाललं होतं, अर्धं कन्नड, अर्धं इंग्रजी. मध्येच लेकीनं ‘अगं’ म्हटलं आणि अज्जींच्या नातीनं तोच ‘अगं’ तिला परत केला.

आईंनी अडकित्ता माझ्याकडे सरकवला. “गूळ तू घे. खोबऱ्यापेक्षा बारीक नको करू, चुरा होतो.”

मी वर्तमानपत्राच्या दुसऱ्या टोकाला बसले. पहिल्या ढेपेचे तुकडे ओबडधोबड झाले. आईंनी ते वेगळ्या वाटीत काढून ठेवले, घरात खायला.